हुन्यादी घराण्याचा उदय व अस्त : मध्ययुगीन हंगेरीतील सरदारी सत्तेचे स्वरूप (१४०९–१५०८)

मध्ययुगीन हंगेरीच्या इतिहासात हुन्यादी घराण्याइतके अल्पावधीत वर चढलेले आणि तितक्याच अल्पावधीत नामशेष झालेले घराणे क्वचितच आढळते. १४०९ साली या घराण्याच्या मूळ पुरुषाला एक किल्ला इनाम मिळाला. १४४६ साली त्याचा पुत्र राज्याचा कारभारी झाला, १४५८ साली नातू सिंहासनावर बसला आणि १५०८ साली खापरपणतीच्या मृत्यूबरोबर वंश खुंटला. इनामाच्या सनदेपासून निर्वंशापर्यंतचा हा काळ अवघा नव्व्याण्णव वर्षांचा आहे.

या उदयास्ताची उपपत्ती सामान्यतः व्यक्तींच्या गुणदोषांवरून लावली जाते. पिता असामान्य योद्धा होता, पुत्र असामान्य राजा होता आणि पुढे औरस संतती न राहिल्याने घराणे बुडाले, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. ही उपपत्ती खोटी नाही, परंतु ती पुरेशीही नाही. १४९० साली राजा मात्याश मृत्यू पावला तेव्हा त्याचा पुत्र यानोश कोर्विन सतरा वर्षांचा होता. राज्यातील सर्वांत मोठी जमीनदारी त्याच्या नावे होती आणि किल्लेदारांनी त्याच्याशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथा घेतलेल्या होत्या. असे असता तीन महिन्यांच्या आत तो एकाकी का पडला? उलटपक्षी, १४५७ साली घराण्याचा प्रमुख वधस्तंभावर गेला आणि धाकटा मुलगा कैदेत पडला, तरी दहा महिन्यांत तोच कैदी राजा कसा झाला? या दोन प्रश्नांची उत्तरे व्यक्तिचरित्रांत मिळत नाहीत. त्यासाठी हंगेरीतील सरदारी सत्ता कोणत्या घटकांची बनलेली होती, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

१. सरदारी सत्तेची तीन अंगे

कायद्याच्या दृष्टीने हंगेरीतील सर्व उमराव समान होते. लायोश पहिला याने १३५१ साली काढलेल्या सनदेत सर्व उमरावांचे स्वातंत्र्य एकच असल्याचे नमूद आहे. व्यवहारात मात्र एखाद्या गावाच्या तुकड्यावर निर्वाह करणारा उमराव आणि दहा किल्ल्यांचा धनी यांत जमीनअस्मानाचे अंतर होते. हे अंतर निर्माण करणाऱ्या सत्तेची तीन अंगे होती.

पहिले अंग पदाचे. नादोर म्हणजे राजाच्या खालोखालचा अधिकारी, व्हॉइव्होड म्हणजे ट्रान्सिल्व्हानियाचा सुभेदार आणि बान म्हणजे दक्षिण सरहद्दीवरील प्रांताधिकारी. ‘बॅरन’ ही संज्ञा मुळात अशा पदाधिकाऱ्यांस लावली जाई. ती कुळाची नव्हे, पदाची होती. पदाबरोबर राजाचे किल्ले व त्यांचे उत्पन्न उपभोगण्याचा अधिकार येई. पद गेले की किल्ले परत करावे लागत. मराठी वाचकास सरंजाम आणि वतन यांतील भेद परिचित आहे. त्या भाषेत सांगावयाचे तर हा सरंजाम होता, वतन नव्हे.

दुसरे अंग जमिनीचे. राजाने सनदेने दिलेली जमीन वंशपरंपरेने पुरुष वारसांकडे चाले आणि पुरुषवंश खुंटला की ती सामान्यतः राजाकडे परत जाई. याखेरीज सावकारीचा मार्ग होता. राजास पैशाची निकड असे, तेव्हा तो किल्ले गहाण टाकी. कर्ज फिटेपर्यंत, आणि पुष्कळदा ते कधीच न फिटल्यामुळे कायमचा, तो किल्ला सावकाराच्या हाती राही. १३८७ साली गादीवर आलेल्या सिगिस्मुंडने पहिल्या काही वर्षांतच राजाच्या ताब्यातील किल्ल्यांचा मोठा भाग देऊन टाकला होता. त्यामुळे पंधराव्या शतकाच्या आरंभी मोठ्या जमीनदाऱ्या नव्याने उभ्या राहण्यास वाव मिळाला.

तिसरे अंग माणसांचे. लहान उमराव मोठ्या सरदाराच्या पदरी राहत. अशा पदरच्या माणसास लॅटिन दप्तरात ‘फामिलियारिस’ म्हणत. पश्चिम युरोपातील मांडलिकाप्रमाणे त्यास वंशपरंपरागत जहागीर मिळत नसे. तो आपली स्वतःची जमीन व उमरावपद राखून सरदाराची चाकरी करी आणि त्याबद्दल वेतन, किल्लेदारी किंवा पदाच्या उत्पन्नाचा वाटा घेई. हे नाते धन्याच्या व चाकराच्या हयातीतील होते, दोन कुळांमधील नव्हते. तत्त्वतः ते तोडता येत असे.

या तिन्ही अंगांपैकी केवळ जमीनच वंशपरंपरागत होती आणि तीही पुरुष वारस असेपर्यंतच. पद व माणसे ही प्रत्येक पिढीस नव्याने मिळवावी लागत. हुन्यादी घराण्याचा सर्व इतिहास या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो.

२. हुन्यदचे इनाम

१८ ऑक्टोबर १४०९ रोजी सिगिस्मुंडने वोइक नावाच्या दरबारी शिलेदारास हुन्यदचा किल्ला व त्याखालील गावे इनाम दिली. वोइक हा शेर्बेचा पुत्र. त्याचे कुळ कार्पाथियन पर्वताच्या दक्षिणेकडील वलाकियातून आलेले, म्हणजे रुमानियन वंशाचे होते. सनदेत वोइकबरोबर त्याच्या भाऊबंदांची आणि यानोश या लहान मुलाचीही नावे आहेत. हुन्यद हे स्थान आज रुमानियात असून हुनेदोआरा या नावाने ओळखले जाते. कुळास मिळालेले ‘हुन्यादी’ हे नाव या किल्ल्यावरूनच पडले. हंगेरियन भाषेत ग्रामनामास जोडलेला इकार मराठीतील ‘कर’ प्रत्ययाचे कार्य करतो. हुन्यादी म्हणजे हुन्यदकर.

एवढ्या साध्या उगमाने पुढील पिढ्यांचे समाधान झाले नाही. यानोश हा वस्तुतः सिगिस्मुंडचाच अनौरस पुत्र होता अशी कथा पुढे प्रचलित झाली. घराण्याच्या ढालीवरील अंगठी धरलेल्या कावळ्याचा संबंध तिच्याशी जोडण्यात आला. मात्याशच्या दरबारातील इटालियन पंडित आंतोनिओ बोन्फिनी याने तर कावळ्यास लॅटिनमध्ये असलेल्या ‘कोर्वुस’ या शब्दाचा आधार घेऊन घराण्याचे मूळ प्राचीन रोममधील व्हालेरिउस कोर्व्हिनुस याच्यापर्यंत नेऊन भिडविले. इतिहासलेखनाच्या दृष्टीने या वंशकथा निराधार आहेत. तथापि त्या निरर्थक नाहीत. ज्या घराण्याचा पूर्वज दोन पिढ्यांपूर्वी एक साधा शिलेदार होता, त्यास सिंहासनावर बसल्यानंतर कुलप्रतिष्ठेची उणीव किती तीव्रतेने जाणवत होती, याची ती साक्ष आहे.

३. यानोश हुन्यादी : पदातून जमीन, जमिनीतून शिबंदी

यानोशची तरुणपणीची वर्षे निरनिराळ्या सरदारांच्या पदरी गेली. म्हणजे तो स्वतः प्रथम फामिलियारिस होता. पुढे तो सिगिस्मुंडबरोबर इटलीस गेला आणि १४३१ ते १४३३ या काळात मिलानच्या ड्यूकच्या चाकरीत राहिला. भाडोत्री फौज कशी उभारावी व पोसावी याचे शिक्षण त्यास येथे मिळाले असावे. परतल्यावर त्याने राजास कर्ज दिले आणि त्याच्या मोबदल्यात जमिनी गहाण घेतल्या. एर्जेबेत सिलाग्यीशी झालेल्या विवाहाने त्यास एक लढाऊ आणि कर्तबगार सासुरवाडी लाभली. या संबंधाचे महत्त्व पुढे, १४५७ साली, प्रत्ययास आले.

१४३९ साली तो तुर्की सरहद्दीवरील सेवेरिनचा बान झाला. त्याच वर्षी राजा आल्बर्ट मरण पावला आणि गादीसाठी यादवी माजली. एका बाजूस आल्बर्टच्या मृत्यूनंतर जन्मलेला लास्लो पाचवा व त्याची माता, तर दुसऱ्या बाजूस पोलंडचा तरुण राजा उलास्लो पहिला. यानोशने दुसरा पक्ष स्वीकारला. १४४१ च्या प्रारंभी मिक्लोश उय्लाकीच्या साह्याने त्याने विरोधकांचा पराभव केला. बक्षीस म्हणून दोघांना संयुक्तपणे ट्रान्सिल्व्हानियाची व्हॉइव्होडी, तेमेशसह दक्षिणेकडील परगण्यांचा कारभार आणि नांदोरफेहेर्वार म्हणजे आजच्या बेलग्रेडचे सरनौबतपद मिळाले. ट्रान्सिल्व्हानियातील मिठाच्या खाणी ही राज्याच्या उत्पन्नाची एक प्रमुख बाब होती. तिच्यावरही त्यांचा अंमल बसला.

येथून पुढे एक चक्र सुरू झाले. पदाच्या उत्पन्नातून फौज उभी राही, फौजेच्या बळावर तुर्कांवर विजय मिळे, विजयाच्या मोबदल्यात नवीन जमीन इनाम मिळे आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर पुन्हा अधिक माणसे पदरी ठेवता येत. १४४२ साली त्याने ट्रान्सिल्व्हानिया व वलाकियात दोन तुर्की सेनांचा मोड केला. १४४३ च्या हिवाळी मोहिमेत तो निश व सोफियापर्यंत पोहोचला. हे चक्र पराभवांनीही थांबले नाही, ही विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. १० नोव्हेंबर १४४४ रोजी व्हर्ना येथे राजा उलास्लो मारला गेला आणि सेनेची वाताहत झाली. तरी १४४६ साली सरदारसभेने यानोशलाच राज्याचा कारभारी निवडले. १४४८ साली कोसोवोच्या मैदानावर त्याचा पुन्हा पराभव झाला, तरी त्याचे स्थान ढळले नाही. याचे कारण असे की, दक्षिण सरहद्द सांभाळू शकेल एवढी शिबंदी राज्यात दुसऱ्या कोणाजवळ नव्हती.

१४५३ साली लास्लो पाचवा प्रत्यक्ष राज्य करू लागला तेव्हा यानोशने कारभारीपद सोडले. त्या वेळी राजाने त्यास बेस्तेर्त्सेचा वंशपरंपरागत काउंट केले. हंगेरीत अशा वंशपरंपरागत किताबाची रूढी तोवर नव्हती. पदाचे रूपांतर कुळाच्या मालमत्तेत करण्याचा हा पहिला उघड प्रयत्न होता. मात्र राजाचे अनेक किल्ले आणि उत्पन्नाच्या बाबी त्यानंतरही यानोशच्याच हाती राहिल्या. त्याच्या खाजगी मालकीचे वीसहून अधिक किल्ले व शेकडो गावे होती आणि राजाचे किल्ले त्याखेरीज. कोणते कुळाचे व कोणते पदाचे, ही सीमारेषा अस्पष्ट झाली होती.

जुलै १४५६ मध्ये सुलतान दुसरा मेहमद याने बेलग्रेडला घातलेला वेढा यानोशने योव्हान्नी दा कापिस्त्रानो या फ्रान्सिस्कन साधूने जमविलेल्या धर्मयोद्ध्यांच्या साह्याने उठविला. परंतु छावणीत प्लेगची साथ उद्भवली आणि ११ ऑगस्ट रोजी झेमून येथे त्यास मृत्यू आला.

४. पहिली कसोटी : १४५६–१४५८

यानोश मरताच तो अस्पष्ट राहिलेला प्रश्न पुढे आला. राजा लास्लो आणि त्याच्या आईचा मामेभाऊ उलरिख त्सिली यांनी यानोशचा थोरला मुलगा लास्लो हुन्यादी याच्याकडे राजाचे किल्ले परत करण्याची आणि पित्याच्या कारभाराच्या थकबाकीची मागणी केली. कायद्याने ही मागणी योग्यच होती. पण ती मान्य करणे म्हणजे शिबंदी पोसण्याचे साधन गमावणे. लास्लो हुन्यादीने वरकरणी होकार दिला. राजा व त्सिली बेलग्रेडला आले, आणि ९ नोव्हेंबर १४५६ रोजी किल्ल्याच्या आत त्सिली हुन्यादींच्या माणसांकडून मारला गेला. किल्ल्यात जवळजवळ एकट्या सापडलेल्या राजाने सूड न घेण्याची शपथ घेतली. पण मार्च १४५७ मध्ये बुडा येथे दोघा भावांना पकडण्यात आले आणि १६ मार्च रोजी लास्लो हुन्यादीचा शिरच्छेद झाला. चौदा वर्षांचा मात्याश राजाचा कैदी झाला.

राजाची अपेक्षा अशी होती की, धनी गेला म्हणजे चाकर पांगतील. तसे घडले नाही. विधवा एर्जेबेत आणि तिचा भाऊ मिहाय सिलाग्यी यांनी बंड उभारले. जमीन त्यांच्या हाती होती, खजिना त्यांच्या हाती होता आणि पदरच्या माणसांना दुसरा आसरा नव्हता. त्यांची किल्लेदारी, त्यांचे वेतन, किंबहुना त्यांचे प्राणही हुन्यादी घराण्याच्या अस्तित्वावर अवलंबून होते. राजा कैद्यास घेऊन व्हिएन्नास व तेथून प्रागला गेला आणि २३ नोव्हेंबर १४५७ रोजी तेथे अकस्मात निपुत्रिक मृत्यू पावला. जानेवारी १४५८ मध्ये सिलाग्यीने प्रतिपक्षाचा नादोर लास्लो गॉराइ याच्याशी सेगेद येथे तह केला आणि तो मोठी फौज घेऊन पेस्टच्या सभेस आला. २४ जानेवारी रोजी मात्याश राजा निवडला गेला.

धन्याच्या मृत्यूनंतरही पदरची माणसे टिकली, ती केवळ निष्ठेमुळे नव्हे. त्यांचे हित आणि घराण्याचे हित या वेळी एक होते. १४९० मध्ये हीच गोष्ट बदललेली दिसते.

५. राजपदाचा घराण्यावर परिणाम

मात्याशने प्रथम स्वतःस गादीवर बसविणाऱ्यांचीच सत्ता मोडली. गॉराइस नादोरपदावरून दूर केले आणि मामा सिलाग्यीस त्याच वर्षी कैदेत टाकले. राजमुकुट सम्राट फ्रेडरिक तिसरा याच्याकडे अडकून पडला होता. तो ऐंशी हजार सुवर्णनाणी मोजून सोडविण्यात आला आणि २९ मार्च १४६४ रोजी मात्याशचा राज्याभिषेक झाला. पुढील काळातील करसुधारणा, पगारी उभी फौज, १४८५ साली व्हिएन्नावर मिळविलेला ताबा आणि कोर्व्हिना हा विख्यात ग्रंथसंग्रह या गोष्टी सुपरिचित आहेत. येथे प्रश्न वेगळा आहे. राजपद मिळाल्याने हुन्यादी घराणे ‘घराणे’ म्हणून बलवान झाले की दुर्बल?

राजाची फौज आता करांवर पोसली जात होती, कुळाच्या जमिनीवर नव्हे. पदरची माणसे राजाची चाकर झाली, हुन्यादींची नव्हे. शिवाय ज्या शिडीने यानोश वर चढला होता, तीच शिडी मात्याशने इतरांना उपलब्ध करून दिली. सापोल्याई बंधू सामान्य उमरावांतून वर येऊन उत्तर हंगेरीचे सर्वांत मोठे जमीनदार झाले. पाल किनिझि अज्ञात कुळातून येऊन सरहद्दीचा सेनापती झाला. तमाश बाकोत्स शेतकरी कुळातून राजाचा चिटणीस व पुढे बिशप झाला. जुन्या कुळातील इश्तवान बाथोरी ट्रान्सिल्व्हानियाचा व्हॉइव्होड झाला. ही सर्व मात्याशने वाढविलेली माणसे. परंतु १४५७ मधील किल्लेदारांहून त्यांची स्थिती भिन्न होती. त्यांच्या स्वतःच्या जमिनी होत्या, स्वतःची शिबंदी होती आणि जपण्यासारखे स्वतःचे घराणे होते.

कुळाचा विस्तारही खुंटला होता. दुसरी राणी बेआत्रिचे हिला अपत्य झाले नाही. ऑस्ट्रियातील बार्बरा एडेलपेक हिच्यापासून १४७३ साली झालेला यानोश कोर्विन हा एकमेव पुत्र अनौरस होता. शेवटच्या दशकात मात्याशने त्यास वारस ठरविण्याचा अट्टाहास केला. त्यास डचीचे किताब दिले, कुळाच्या जमिनी दिल्या आणि १४८१ साली निर्वंश झालेल्या गॉराइ घराण्याची राजाकडे परतलेली मालमत्ताही दिली. मिलानच्या स्फोर्झा घराण्यातील ब्यांका मारियाशी त्याचा विवाह जुळविला. म्हणजे राजपदाने जे विरघळविले होते, ते राजाच पुन्हा जमिनीच्या रूपाने घट्ट करू पाहत होता. ६ एप्रिल १४९० रोजी व्हिएन्ना येथे मृत्यूने त्यास गाठले, तेव्हा हे कार्य अपुरे होते.

६. दुसरी कसोटी : १४९० आणि नंतर

सरदारांना बलवान राजा नको होता आणि राज्यातील सर्वांत मोठ्या जमीनदाराने राजा होणे तर मुळीच नको होते. राणी बेआत्रिचेही कोर्विनच्या विरुद्ध होती. १७ जूनच्या करारान्वये, निवड न झाल्यास कोर्विनला बोस्नियाचे राजपद व स्लाव्होनियाची डची मिळावयाची होती. आपला पक्ष ढासळत असल्याचे पाहून तो खजिना घेऊन दक्षिणेकडे निघाला. ४ जुलै रोजी चोन्तहेज येथे त्याचा पाठलाग करून पराभव करण्यात आला. पराभव करणारे सेनापती होते पाल किनिझि आणि इश्तवान बाथोरी. १५ जुलै रोजी बोहेमियाचा राजा उलास्लो दुसरा याची निवड झाली. मात्याशची पगारी फौज वेतनाविना मोकाट सुटली. १४९२ साली तिच्या अवशेषांचा मोड करणाराही किनिझिच होता.

या वर्तनास कृतघ्नता म्हणणे सोपे आहे. परंतु फामिलियारिसचे नाते धन्याच्या व्यक्तीशी होते आणि तो धनी मरण पावला होता. त्याच्या पुत्राशी घेतलेल्या शपथेमागे १४५७ प्रमाणे हितसंबंधांचे पाठबळ नव्हते. उलट, कोर्विन राजा झाला असता तर या नव्या सरदारांना मिळालेले काही परत देण्याची पाळी येण्याचाच संभव अधिक होता.

कोर्विनने नव्या राजाची अधीनता स्वीकारली. बोस्नियाचे राजपद नाममात्रच राहिले, मिलानचा विवाहसंबंध तुटला, सिलेशियातील डची व उत्तरेकडील किल्ले क्रमाक्रमाने हातचे गेले. क्रोएशियातील फ्रांगेपान कुळातील बेआत्रिचेशी त्याने विवाह केला आणि १४९८ साली त्यास क्रोएशिया व स्लाव्होनियाचे बानपद तहहयात मिळाले. सरहद्दीवर तुर्कांशी लढणाऱ्या बानाचे जे पद आजोबाच्या उत्कर्षाचा आरंभ ठरले होते, तेच नातवाचे अखेरचे पद ठरले. १२ ऑक्टोबर १५०४ रोजी क्रापिना येथे तो वारला. पुत्र क्रिश्तोफ १५०५ साली, वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास गेला. १५०८ साली कन्या एर्जेबेत गेली.

राहिली विधवा बेआत्रिचे. राजा उलास्लोने १५०९ साली तिचा विवाह आपला भाचा, ब्रांडेनबुर्गचा गेओर्ग, याच्याशी करून दिला. पुढच्याच वर्षी ती निवर्तली आणि उरलेली हुन्यादी मालमत्ता या जर्मन राजपुत्राच्या हाती गेली. तीत १४०९ च्या सनदेतील हुन्यदचा किल्लाही होता.

७. समारोप

हुन्यादींचा उदय हा तीन अंगांच्या एकत्र येण्याचा परिणाम होता. तुर्की आक्रमणामुळे सरहद्दीच्या पदांना महत्त्व आले, राजाच्या दुर्बलतेमुळे जमीन सुटी झाली आणि असंख्य लहान उमराव चाकरीच्या शोधात होते. एका समर्थ पुरुषाने या तिन्हींची सांगड घातली. अस्त हा त्याच तीन अंगांच्या विलग होण्याचा परिणाम होय. पद राजाबरोबर गेले, माणसे नव्या धन्यांकडे गेली, आणि उरलेली जमीन त्यांच्यावाचून राखता आली नाही.

यावरून युरोपीय सरंजामशाहीविषयीचे सर्वसाधारण सिद्धान्त हंगेरीस जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे, हे स्पष्ट होईल. फ्रान्स किंवा जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे धनी-मांडलिकाचे नाते येथे रुजलेच नव्हते. म्हणूनच नवीन कुळे येथे झपाट्याने वर येत आणि झपाट्याने लयास जात. १४९० साली कोर्विनला दूर सारण्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी इश्तवान सापोल्याई हा पुढे नादोर झाला. १५२६ साली मोहाचच्या रणभूमीवर राजा लायोश दुसरा पडल्यानंतर त्याचा पुत्र यानोश सिंहासनावर बसला. हुन्यादींनी चोखाळलेल्या मार्गानेच सापोल्याई राजपदापर्यंत पोहोचले आणि १५७१ साली तेही निर्वंश झाले.